गावच्या शाळेतील दिवा

एखाद्या शाळेचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखक संस्थापकांची नावे देतो, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली ते सांगतो, पटावरील मुलांची संख्याही देतो. परंतु त्या शाळेत दिवा कोणाच्या पैशाने लागत असे, हे बहुधा कोणी लिहीत नाही. आज आपल्या सातारा जिल्ह्यात खेड्यांतील शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल, म्हणजे आपले लोक जिला सोलरची प्लेट म्हणतात ती, दिसू लागली आहे. ती पाहून पुष्कळांस वाटते की ही सर्वस्वी नवी गोष्ट आहे. साधन नवे आहे, हे खरे. प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि तो आपल्याच मुलखात पूर्वी एकदा सुटलेला आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणिली. नाना जातींची मुले एका पंक्तीस बसवून त्यांनी वसतिगृह चालविले. त्या मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. भाऊरावांचा आपल्या कोरेगाव तालुक्याशीही निकटचा संबंध होता. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी नांगरांचा कारखाना काढला, त्याच्या उभारणीत भाऊरावांनी बरेच श्रम वेचले होते. पुढे त्याच कारखान्यातून डिझेल इंजिने बाहेर पडू लागली. यंत्राचे बळ खेड्यात प्रथम आले ते विहिरीवर. शाळेत यावयास त्यास पुढे कित्येक दशके लागली, हे वाचकांनी येथे ध्यानात ठेवावे.

१९३७ नंतर संस्थेने डोंगराळ भागातील लहान लहान गावांतून व्हॉलंटरी शाळा उघडण्याचा सपाटा लाविला. एक शिक्षक, एक फळा, आणि जागा म्हणजे देवळाची ओवरी, चावडी किंवा कोणा शेतकऱ्याची पडवी. सरकारी इमारत नव्हती, तसे दिव्याच्या तेलाचे सरकारी अंदाजपत्रकही नव्हते. महायुद्धाच्या काळात रॉकेल मोजून मिळे. तरीही मुले रात्री कंदिलाभोवती बसत. काच तडकली तर ती बदलण्याचे काम गावाचे, कारण कंदील गावाचा होता.

स्वराज्य आले आणि वीजही आली. आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कोयनेचे पाणी अडविले गेले. १९६२ साली पहिली वीज निघाली आणि १९६४ पर्यंत धरण पुरे झाले. आज तेथील यंत्रांची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस कोकणात उतरविले जाते आणि विजेच्या तारा मुंबईच्या व पुण्याच्या कारखान्यांकडे जातात. ज्यांची घरेदारे शिवसागर जलाशयाखाली गेली, त्यांपैकी कित्येकांस दूरच्या जिल्ह्यांत बिऱ्हाड थाटावे लागले. आणि खोऱ्यातल्या अनेक वाड्यांस त्या विजेचा उजेड दिसावयास पुढे पुष्कळ वर्षे गेली. देशास वीज हवी होती, हे कोणी नाकारीत नाही. परंतु दिव्याखाली अंधार ही म्हण इतक्या अक्षरशः खरी ठरलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल.

सरकारी कागदावर मात्र गावोगाव वीज भराभर पोहोचत होती. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की, महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली म्हणजे ते गाव विद्युतीकरण झालेले समजावे. एखाद्या बागाइतदाराच्या विहिरीवर मोटर चालू झाली की पुरे! शाळा, पंचायत व दवाखाना यांस वीज मिळाली पाहिजे, आणि निदान शंभरांत दहा घरांतही ती असली पाहिजे, ही अट २००४ साली घातली गेली.

तार आली तरी कथा संपली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेस किरकोळ खर्चासाठी जे सादिल मिळते, त्यातून खडू, झाडू आणि विजेचे बिल सारेच भागवावयाचे. त्यात शाळेची वीज बरीच वर्षे व्यापारी दराने आकारली जात होती. सार्वजनिक सेवेचा निराळा दर नंतर झाला. थकबाकी वाढली, कनेक्शन तोडले गेले, आणि अशा शाळांतून संगणक कापडाखाली झाकून राहिले. २०१५ नंतर लोकवर्गणीतून डिजिटल शाळांची चळवळ जोरात आली, तेव्हा ही उणीव विशेषच जाचू लागली. पडदा आहे, यंत्र आहे, आणि भिंतीतील बटण मृत आहे!

येथे सूर्याकडे वळावे. प्रकाशापासून वीज उत्पन्न होते, हे फ्रान्समधील एदमाँ बेकेरेल या अवघ्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने १८३९ साली पाहिले. उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला आणि चारच वर्षांत तो उपग्रहावर बसून अंतराळात गेला. शाळेच्या वाट्यास तो कधी आला? १९६८ साली आफ्रिकेतील नायजर या गरीब देशात, राजधानी नियामेच्या जवळ, शाळेतील दूरदर्शनसंच सौर घटांवर चालविण्यात आला. कोरड्या बॅटऱ्या पुरविण्याचा खर्च तेथे परवडेनासा झाला होता. आपल्या देशात १९७७ साली साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सौर घट तयार केला. तो दीर्घ काळ महागच राहिला. २०१० नंतरच्या दहा वर्षांत किमती एकदशांशाच्या आसपास उतरल्या, तेव्हा कोठे खेड्यातल्या शाळेस त्याचा विचार करता येऊ लागला. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील शाळा सौर विजेवर टॅबलेट चालवून महाराष्ट्रभर प्रसिद्धीस आली. मुंबईच्या आय. आय. टी.ने २०१४ पासून महाराष्ट्र व इतर राज्यांतील शाळकरी मुलांस अभ्यासाचे सौर दिवे अवघ्या १२० रुपयांत दिले. ते दिवे जुळविण्याचे व दुरुस्तीचे काम गावच्याच माणसांस शिकविले होते. ही दुसरी गोष्ट मला दिव्यापेक्षाही मोलाची वाटते.

कारण सौर साधनांची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नसते. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. साधी शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते, आणि तीत वेळोवेळी पाणी न घातल्यास त्याहूनही लवकर. दाते पॅनेल देतात, त्यावर नाव रंगवितात. पाचव्या वर्षी नवी बॅटरी देणारा दाता विरळा. धुळीचा थर बसला तर वीज घटते, आणि माकडांचा उपद्रव आहेच. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने पहिल्याच वर्षापासून बॅटरीसाठी दरमहा काही रक्कम बाजूस टाकिली पाहिजे आणि प्लेट पुसण्याची पाळी लाविली पाहिजे. कंदिलाची काच बदलणाऱ्या गावास हे अवघड जाऊ नये.

बॅटरीवाचून भागेल अशीही एक तजवीज आहे. घरास वीज रात्री हवी, शाळेस ती दिवसा हवी. सूर्य आणि शाळा यांचे वेळापत्रक जवळजवळ एकच. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसास सुमारे चार युनिटे देते. दोन खोल्यांच्या शाळेचे पंखे, दिवे आणि एक दूरदर्शनसंच तेवढ्यात चालतो. महाबळेश्वरी पाऊस कोसळतो तेव्हाही कोरेगावच्या बाजूस, पर्जन्यछायेमुळे, आकाश त्यामानाने मोकळे असते. दुष्काळाचे हे कारण विजेच्या कामी पथ्यावर पडते, हा निसर्गाचा विनोदच म्हणावा.

२०२४ साली पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. ज्या तालुक्यातून कोयनेची वीज बाहेर गेली, त्याच तालुक्यातील एका वाडीने आपली वीज आपल्या छपरावर निर्माण केली.

अडचण राहते ती सुट्टीची. ऊन सर्वांत कडक मे महिन्यात, आणि त्याच वेळी शाळेस कुलूप. त्यावर नेट मीटरचा उपाय आहे. राज्यात त्याचे नियम २०१५ पासून झाले आहेत. शाळेने न वापरलेली वीज तारेवाटे महावितरणकडे जाते, मीटर तिची नोंद ठेवतो, आणि मे महिन्यात जमा झालेली युनिटे जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत शाळेच्या बिलातून वजा होतात.