मगदलाचे ताबोत आणि प्रत्यर्पणाचा प्रश्न

१८६८ साली हबसाणच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, सम्राट तेवोद्रोसने डांबून ठेवलेल्या युरोपीय बंदींना सोडविण्यासाठी ब्रिटिश सरकारने स्वारी केली. तिचा नायक रॉबर्ट नेपियर हा मुंबई फौजेचा सरसेनापती असून सुमारे १३ हजार सैनिकांत हिंदी शिपायांचाच भरणा अधिक होता. १३ एप्रिल रोजी मगदलाचा किल्ला पडला व सम्राटाने आत्महत्या केली. बंदी त्यापूर्वीच मुक्त झाले होते. स्वारीचा जाहीर हेतू सफल झाला होता. तरीही किल्ला व तेथील चर्च लुटले गेले. ती लूट हत्तींवर व खेचरांवर लादून दलंता पठारावर नेण्यात आली आणि तिचा लिलाव झाला. ब्रिटिश म्यूझियमचा प्रतिनिधी रिचर्ड होम्स स्वारीबरोबर होताच. त्याने तेथे खरेदी केली.

लिलावामुळे लुटीला खरेदीचे रूप आले. परंतु विकणाऱ्याजवळ जो हक्क नव्हता तो घेणाऱ्याला कोठून मिळणार? हा आक्षेप केवळ आजच्या काळाचा आहे असेही नव्हे. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८७१ मध्ये पार्लमेंटात या वस्तू आणल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. १८७२ मध्ये सम्राट योहान्नेस चौथा याच्या मागणीवरून ‘केब्रा नगस्त’ या ग्रंथाचे एक हस्तलिखित ब्रिटिश म्यूझियमने परतही केले.

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती ताबोतांच्या बाबतीत. ताबोत म्हणजे मोशेच्या धर्माज्ञांच्या पाट्यांचे प्रतीक असलेली अभिमंत्रित फळी वा शिळा. तिच्यावाचून इथिओपियन चर्चला पावित्र्य येत नाही, आणि धर्मगुरूंखेरीज कोणी ती पाहू नये असा दंडक आहे. ब्रिटिश म्यूझियमजवळ असे अकरा ताबोत असून त्यांतील बहुतेक मगदलाचे आहेत. दंडकाचा मान राखून ते बंद दालनात ठेवले आहेत. ते प्रदर्शित होत नाहीत, अभ्यासकांनाही दाखविले जात नाहीत.

प्राचीन वस्तू जवळ ठेवण्याच्या समर्थनार्थ संग्रहालये संशोधन व लोकशिक्षण ही दोन प्रयोजने पुढे करतात. येथे ती दोन्ही संभवत नाहीत. उरते ते जतन. पण ज्या परंपरेत ताबोत आजही नित्य उपासनेत आहेत, तिला ते जपता येणार नाहीत असे म्हणणे धाडसाचे होय. १९६३ च्या ब्रिटिश म्यूझियम कायद्याने वस्तू देऊन टाकण्यावर कडक निर्बंध घातले आहेत हे खरे. तथापि संग्रहात ठेवण्यास अयोग्य असलेली वस्तू, अभ्यासकांच्या हितास बाध येत नसल्यास, देण्याची मुभा त्यातच आहे. जी वस्तू अभ्यासकांना दिसतच नाही, ती दिल्याने त्यांचे कोणते हित बुडणार?

२०१८ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमने आपल्याकडील मगदलाच्या वस्तू दीर्घ मुदतीने उसन्या देण्याची तयारी दर्शविली. परंतु उसने देण्यात देणाऱ्याची मालकी गृहीत धरलेली असते, आणि वाद नेमका त्याच मालकीचा आहे. याउलट एडिंबरोच्या एका चर्चने आपल्याकडे सापडलेला ताबोत २००२ मध्ये कोणतीही अट न घालता परत केला.

या युक्तिवादाने सारी संग्रहालये रिकामी होतील ही भीती अनाठायी आहे. प्रत्येक वस्तूच्या प्राप्तीचा इतिहास आणि ती जवळ ठेवण्याचे प्रयोजन यांची स्वतंत्र छाननी व्हावी, एवढेच यातून निष्पन्न होते. ताबोतांच्या बाबतीत या दोन्ही छाननींचा निर्णय एकच येतो.