अंगणातले श्वान : दावे, साखळी आणि कुंपण

सुरतेहून नवसारीकडे निघालेली गाडी उधना सोडून सचीनच्या दिशेने लागली की मध्ये भेस्तान हे छोटे स्थानक येते. पुढचे सचीन म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेस १७९१ साली मिळालेले चिमुकले संस्थान. तेव्हा कोकणच्या माणसास हा मुलूख अगदीच परका म्हणता येणार नाही. आज या पट्ट्यात कापडाच्या गिरण्या आणि यंत्रमाग यांच्या आधाराने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. ज्यांना घरापुढे थोडीबहुत मोकळी जागा लाभली, त्यांच्या दारी कुत्रा असतो, आणि त्याच्या गळ्यात बहुधा साखळी असते. कुत्र्याने आवाराबाहेर जाऊ नये, वाहनाखाली सापडू नये, येणाऱ्याजाणाऱ्यास चावू नये, एवढीच त्या साखळीमागची अपेक्षा. अपेक्षा रास्त आहे. परंतु ती पुरी करण्याचा साखळी हा एकच मार्ग नव्हे. खुद्द सुरतेच्या इतिहासाने दुसरा मार्ग फार पूर्वी दाखवून ठेवला आहे.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्नच उद्भवत नसे. वैश्वदेवानंतरच्या बलिहरणात श्वानाचा वाटा शास्त्राने ठरवून दिलेला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा उल्लेख येतो. पण तो वाटा बाहेर, जमिनीवर ठेवावयाचा. म्हणजे श्वानास अन्नाचा अधिकार होता, घरात जागेचा नव्हता. कोकणात आणि गोव्यात आपण ज्यास 'सुणें' म्हणतो ते पडवीच्या कडेला निजत असे आणि मनास येईल तेव्हा वाडीभर हिंडून येत असे. गडगा काय किंवा वई काय, ती गुरांपासून बाग राखण्यासाठी. कुत्र्याला तिच्यातली प्रत्येक फट ठाऊक असावयाची. दत्तमूर्तीपाशी चार श्वान असतात, खंडोबाच्या चित्रात घोड्यामागे कुत्रा धावतो. यांतल्या एकाच्याही गळ्यात दावे काढण्याची रीत नाही. मूर्तिकारांनी हे हेतुपुरस्सर केले असे मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर जे कुत्रे होते ते मोकळेच होते, एवढेच.

कुत्र्यास आवरावे कसे, याचा धर्मशास्त्रीय विचार आढळतो तो आपल्या शेजारच्या पारशी समाजात. सुरत आणि नवसारी ही त्या समाजाची जुनी ठाणी. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी असा त्यांचा 'सगदीद' नावाचा संस्कार आहे, आणि 'वेंदिदाद' या त्यांच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय जवळजवळ सगळा कुत्र्यांविषयीच आहे. कळपाचा कुत्रा वेगळा, घराचा वेगळा. त्यांस निकृष्ट अन्न देणाऱ्यास शिक्षा सांगितलेली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे तो पिसाळलेल्या कुत्र्यासंबंधी. अशा कुत्र्याच्या गळ्यात लाकडी खोडा घालून त्यास बांधावे. लाकूड कठीण असेल तर किती जाड, मऊ असेल तर किती, इतका बारकावा तेथे आहे. त्याचबरोबर आजारी माणसाप्रमाणे त्याच्यावर उपचार करावा, अशीही आज्ञा आहे. बेशुद्ध अवस्थेत तो विहिरीत, खड्ड्यात किंवा नदीत पडून दुखावला, तर दोष माणसाचा. बांधणे हे माणसाच्या रक्षणासाठी तर खरेच, पण तितकेच त्या मुक्या जीवाच्या रक्षणासाठीही, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते. आणि बांधावयाचे ते आजाऱ्याला. धडधाकट कुत्र्याला जन्मभर खुंटाशी ठेवण्याची आज्ञा तेथे मला दिसली नाही.

सुरतेच्या जैन आणि हिंदू महाजनांनी उचललेले पाऊल याहून वेगळे होते. १६८९ साली सुरतेस आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन याने शहरालगतच्या एका रुग्णालयाचे वर्णन केले आहे. गाई, घोडे, शेळ्या आणि कुत्रे, त्यांतले आजारी, लंगडे, म्हातारे असे सारे तेथे पोसले जात. पुढे जेम्स फोर्ब्सने हीच संस्था पाहिली. उंच भिंतींनी वेढलेली विस्तीर्ण जागा आणि आत जनावरांसाठी निरनिराळे चौक, अशी तिची रचना तो सांगतो. १७७२ मध्ये तेथे एक म्हातारे कासव होते आणि ते पंच्याहत्तर वर्षे तेथेच असल्याचे लोक सांगत, ही त्याने दिलेली माहिती कासवाच्या चाहत्यांसाठी येथे नोंदवतो. माझे लक्ष वेधते ती भिंतींची रचना. प्रत्येक प्राण्यास दाव्याने खुंटास जखडण्याऐवजी जागेलाच भिंत घालावी आणि आत त्यास फिरू द्यावे, हे त्या व्यापाऱ्यांना सुचले. 'पांजरापोळ' या शब्दाची फोड सामान्यतः पिंजरा आणि पोळ अशी करतात. गुजरातेत पोळ म्हणजे रात्री दरवाजा लावून घेणारी वस्ती. पिंजऱ्यात जीव कोंडला जातो, पोळीत तो नांदतो. नावात दोन्ही शब्द असले तरी सुरतेच्या त्या जागेत पोळीचा अंश अधिक होता.

अशी जागा नसली म्हणजे काय होते, ते मुंबईने १८३२ साली पाहिले. उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा कायदा इंग्रजांनी १८१३ पासून चालवला होता. १८३२ मध्ये ती मुदत वाढवण्यात आली, आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्यामुळे शिपायांचा हात सैल सुटला. मोकाट कोणता आणि घरचा कोणता हे पाहण्याची गरज त्यांस वाटेना. दारातले, अंगणातले कुत्रेही मारले जाऊ लागले. ६ जून रोजी कोटात शिपायांवर लोक धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, पारशांबरोबर हिंदू व जैनही उतरले आणि कुलाब्याच्या लष्कराकडे जाणारी रसद अडवली गेली. सरकारने फौज आणून दंगा मोडला, काहींना शिक्षा झाल्या. पण प्रश्न मिटला तो बंदुकीने नव्हे. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदू व जैन महाजनांच्या साहाय्याने भुलेश्वरानजीक पांजरापोळ स्थापन केले. जमशेटजींचे घराणे नवसारीचे आणि त्यांचे बालपणही तेथलेच. सुरतेच्या पांजरापोळाची कल्पना त्यांस ऐकून तरी ठाऊक असली पाहिजे, असे माझे अनुमान आहे. माधवबागेत देवदर्शनास जाणाऱ्या आपल्या मंडळींस ती गल्ली परिचित आहे. मात्र तिथली संस्था प्रथम रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी निघाली, हे गाईंस चारा घालताना फार थोड्यांच्या ध्यानात येते.

साखळीचा विचार कायद्यात आला तो स्वातंत्र्यानंतर. राज्यसभेत श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले, आणि त्या प्रयत्नाचे फळ म्हणून १९६० चा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात दोन पोटकलमे अंगणातल्या कुत्र्यास थेट लागू पडतात. अवाजवी आखूड अथवा अवाजवी जड साखळीने वा दोरीने प्राण्यास अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध आहे. आणि नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास त्याचा मालक पुरेसा फिरवीत नसेल, तर तोही अपराध आहे. दारी कुत्रा बाळगणाऱ्या शंभरांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता प्रत्यक्ष अंगणाकडे येऊ. जागा असेल तर कुंपण हेच उत्तम. मध्यम चणीच्या कुत्र्यास पाच ते सहा फूट उंची लागते. जाळीचा खालचा भाग वीतभर तरी जमिनीत पुरावा, कारण कुत्रा उडी मारण्यापूर्वी उकरून पाहतो. डोके शिरेल एवढी फट ठेवू नये, आणि भिंतीलगत पिंप, सरपण किंवा विटांचा ढीग रचू नये. तीच त्याची शिडी होते. भिंतीवर काचा लावणे वा काटेरी तार ओढणे हा चोरासाठी केलेला उपाय कुत्र्याचेच पोट फाडतो. बांधणे अपरिहार्यच असेल, तर दोन खांबांमध्ये उंच तार ताणून तीवर सरकणारी कडी लावावी. गळ्यात फास नको, रुंद पट्टा हवा, आणि साखळीस पीळ पडू नये म्हणून मध्ये फिरती कडी हवी. भिंतीपाशी, जिन्यापाशी किंवा कठड्यापाशी तर कधीच बांधू नये. पलीकडे उडी मारलेला कुत्रा स्वतःच्याच साखळीस लटकून मरतो. सुरतेच्या उन्हाळ्यात सावली आणि पाणी साखळीच्या टप्प्यात असले पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको. सतत बांधलेले जनावर अधिक चावरे होते, हा राखणदारांचा जुना अनुभव. म्हणजे ज्या भयाने आपण बांधतो, ते भय बांधल्यानेच वाढते.

सुरतेत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले आणि त्याचा मोठा भाग बुडाला. लिंबायतकडच्या खाड्याही पावसाळ्यात पात्र सोडतात. पाणी चढू लागले की माणूस मुलाबाळांना घेऊन माडीवर जातो. दारातल्या साखळीची आठवण त्या घाईत राहतेच असे नाही. आवारात मोकळा असलेला कुत्रा पायरी गाठतो, ओटा गाठतो, पोहतो. खुंटाशी बांधलेल्याला साखळी संपेल तेथवरच जाता येते. तेव्हा पावसाळ्यात ती कडी कोणी सोडावयाची, हे घरात आधीच ठरलेले असावे.

भेस्तानचे नाव आज सुरतेच्या वर्तमानपत्रांत येते ते तेथील महानगरपालिकेच्या केंद्रामुळे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी तेथे होते. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यास पकडल्या जागी सोडावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तेच तत्त्व कायम ठेवले; पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा तेवढा अपवाद केला. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांना कुंपण घालण्याचा आणि तेथील कुत्री हलवण्याचा आदेश झाला.

देवळे त्या यादीत नाहीत. आपल्या देवस्थानांच्या आवारास प्राकार बहुधा असतो. उणीव असते ती दरवाजाची. महाप्रसादाच्या पत्रावळी उघड्यावर पडतात, त्यांच्या वासाने कुत्री येतात, आणि मग एखाद्यास अग्रशाळेच्या खांबाशी सुतळीने बांधून ठेवण्यात येते. महाजनांच्या पुढच्या सभेत उष्ट्यासाठी झाकणाची कुंडी, महाद्वारास खालपर्यंत टेकणारे फाटक आणि जो कुत्रा देवळाचाच झाला आहे त्याच्यासाठी मागच्या परसात जाळीचा एक ऐसपैस चौक, या तीन बाबी खर्चास घालाव्यात. सभामंडपाच्या फरशीपुढे तो खर्च काहीच नव्हे.