कोणाचे म्हणायचे तुम्ही?

आधी खिसे रिकामे करा. मोबाईल, आधार कार्ड, पाचशेच्या नोटा, सगळं नांदेड जिल्ह्यातल्या हदगावच्या तहसील कचेरीबाहेर चहावाल्याकडे ठेवा. जिथं जायचंय तिथं यातलं काहीच चालत नाही. पैसे लागतील, पण हाली सिक्क्यात. चारमिनारचं चित्र असलेला निझामाचा रुपया. सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, दिले की सात हाली मिळतात, घासाघीस करू नका. कॅलेंडरही इथंच राहू द्या. तिथं फसली साल चालतं, आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी आहेत. आजूर म्हणजे साधारण ऑक्टोबर, वर्ष तिथून सुरू होतं.

तुम्ही खरं तर एवढ्या लांब जायला निघालाच नव्हता. पणजोबाची कुणबी नोंद सापडते का, एवढंच बघायला आला होता. अशाच नोंदी शोधायला ७ सप्टेंबर २०२३ला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधून निझामी दप्तरांचे रुमाल सुटू लागले. २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयानं तर ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द पारावर आणून बसवला. ज्या राज्यातून आपले लोक जीव घेऊन पळाले, त्याच राज्याचा कागद आज आपली जात शाबित करायला साक्षीला उभा आहे. हसावं की काय करावं ते तुम्हीच ठरवा. दप्तर मोडीत आहे आणि उर्दूत आहे, आणि तुम्हाला दोन्ही येत नाहीत.

उर्दू वाचायला एक निवृत्त मास्तर बसलेत. डोळ्यांवर जाड चष्मा, बोटाला थुंकी लावून पान उलटतात. मान वर न करता विचारतात, “कोणाचे तुम्ही?”

तुम्ही गावाचं नाव सांगता. मास्तरांचं बोट ओळीवर थांबतं. “आमचंबी तिकडंच होतं. पैले,” म्हणतात, आणि पान उलटतात. कागदाचा जुना, ओलसर वास नाकात शिरतो.

आता डोळे उघडा.

तीर महिना, १३५७ फसली. तुमच्या हिशेबानं मे १९४८. ऊन इतकं की रस्त्यावरची माती पायाखाली फुटते. कचेरी तीच, पण बाहेरची पाटी उर्दूत आहे, आतला कारभार उर्दूत आहे, आणि मुलानं शिकून मोठं व्हायचं तर तेही उर्दूतच, कारण १९१८ साली निघालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेत शिकवतंय. कलेक्टरला इथं अव्वल तालुकदार म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र एकच शब्द आहे, लेव्ही. पिकलेल्या ज्वारीतली किती सरकारला घालायची, यावर घराघरांत डोकी धरून बसलेली माणसं दिसतील.

डोक्यावर काय घातलंय ते एकदा हातानं चाचपून बघा. पांढरी टोपी असेल तर काढून खिशात कोंबा. बाजाराच्या तोंडाशी खाकीतले चौघे बसलेत, रझाकार, निझामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील, म्हणजे परका नव्हे, आपल्याच मुलखातला. चौघांतला एक, मिसरूड नुकती फुटलेली, तुमच्याकडे बघतो. आधी डोकं, मग कपाळ, मग पाय.

“किसके आदमी हो?”

‘कोणाचे?’ हाच प्रश्न मास्तरांनी घटकाभरापूर्वी विचारला होता. तेव्हा उत्तर म्हणून गाव पुरलं. आज गाव पुरत नाही. ‘कोणाचे’ म्हणजे निझामाचे की काँग्रेसचे, एवढंच त्याला हवंय. २९ ऑक्टोबर १९४६ला बिलोलीकडच्या अर्जापूरला स्टेट काँग्रेसच्या गोविंदराव पानसरे यांना मारलं, ते याच प्रश्नाच्या उत्तरापायी. ३० जानेवारी १९४८ला उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि वीस लाखांहून जास्त रक्कम निझामाविरुद्धच्या लढ्यासाठी नेली. तिकडं दिल्लीत त्याच संध्याकाळी गांधीजी गेले. या दोन्ही बातम्या हदगावच्या बाजारात ठाऊक आहेत, पण मोठ्यानं कुणी उच्चारत नाही. लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव तर लोक ‘स्वामी’ एवढंच घेतात, तेही भिंतीकडे तोंड करून.

तुम्ही काहीतरी पुटपुटता. पोरगा कंटाळून हात हलवतो. सुटलात.

रात्री हदगाव सोडून तुमच्या आजोळच्या गावी जा. एका वाड्यात दिवा मिणमिणता ठेवलाय. पेवाच्या तोंडावर माती लोटून वरून शेणकाला केलाय, म्हणजे पेव कुठं हे कळू नये. चांदीचे वाळे कणगीतल्या ज्वारीत खोल गेलेत. गाठोड्यात भाकरी, लाल चटणी, एक लुगडं आणि देवघरातले टाक. गोठ्यात बैलांची दावी सोडलीत, कारण बांधून ठेवली तर उपाशी मरतील. सात वर्षांची एक मुलगी उभ्यानंच झोपायला लागलीय. तिची आई तिच्यासमोर उकिडवी बसते आणि हनुवटी धरून सांगते:

“वाटंत कुणी इचारलं कोणाची, तर सांगायचं न्हाई. मुकी हो. समजलं?”

ही मुलगी तुमची आजी आहे. खरं तर ती या तालुक्यातल्या कुणाच्याही घरातली समजा. तुम्ही गाठोडं घ्या आणि मागून चाला.

पैनगंगा उन्हाळ्यात वाळूत पसरलेली असते. मधे मधे गुडघाभर डोह. अलीकडे मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. अलीकडे करोडगिरीचे नाके, म्हणजे निझामाची जकात, त्यामुळे वाट सोडून काट्यांतून उतरावं लागतं. निघताना गावकुसाबाहेर एका झोपडीत दिवा दिसला होता, महारवाड्यातला. त्यांना कुणी ‘चला’ म्हणालं नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, तीस वर्षांनी लागेल.

पलीकडच्या काठावरून उमरखेड गाठायचं. तिथं स्टेट काँग्रेसचा कॅम्प आहे. निझामी हद्दीतून निसटलेले लोक, बंदुका शिकणारी पोरं, आणि वही घेऊन बसलेला एक कार्यकर्ता. तो विचारतो, “कोणाचे?” मोठी माणसं भडाभडा सांगतात, नाव, गाव, खाते, किती बैल, किती जमीन. मुलगी तोंड उघडत नाही. तिला मुकी व्हायला सांगितलंय, आणि ‘आता बोल’ असं सांगायचं सगळे विसरलेत.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ तारखेला संध्याकाळी निझामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सव्वादोनशे वर्षांचं राज्य गेलं. फसली साल आबान महिन्यात संपायला आलं होतं. मंडळी नदी ओलांडून परत आली. ज्वारी डोक्याएवढी झाली होती, बैल मात्र नव्हते.

इथवरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असते. दर १७ सप्टेंबरला झेंड्याखाली ती सांगतात, आणि ती खरी आहे. हिमायतनगरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या हुतात्मा जयवंतराव पाटलांसारखी माणसं या मातीतली. पण तुमचं परतीचं तिकीट अजून लागत नाही. दोन-अडीच महिने आणखी थांबा.

सगळीकडे थंडी आहे. तोच वाडा, आता दिवा मोठा आहे. पण गल्लीच्या टोकाची घरं अंधारात आहेत. रझाकार गेले, आणि रझाकार नसलेलेही कितीतरी जण त्यांच्या नावानं मारले गेले. प्रश्न आता उलट्या बाजूनं विचारला जातोय. दाढी दिसली, लुंगी दिसली की, “कोणाचा रे तू?”

पंडित नेहरूंनी चौकशीला माणसं धाडली: पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. त्यांनी वर्षअखेरीस संस्थान पालथं घातलं. त्यांचा जपून केलेला अंदाज असा की संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात वाईट हाल झालेले चार जिल्हे त्यांनी नावानिशी लिहिले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांतच निदान १८ हजार. त्याच अहवालात रझाकारांच्या लुटीची, जुलमाचीही नोंद आहे. आणि हेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचा जीव दिला. हा अहवाल पुढे कित्येक दशकं कपाटात राहिला.

पण तुम्ही अहवालात नाही, वाड्यात आहात. मध्यरात्र उलटलीय. दारावर थाप पडते, हलकी, बाईच्या हाताची. आतून तुमची पणजी उठते. कडीवर हात ठेवते. “कोण?”

बाहेरून नाव येतं. शेजारणीचं. विणकराच्या घरची, लग्नात हळद घेऊन येणारी, रमजानला शिरखुर्मा पाठवणारी. सात वर्षांची मुलगी गोधडीत डोळे उघडे ठेवून पडलीय. पणजीचा हात कडीवर आहे. पणजोबा अंधारातून काहीच म्हणत नाहीत.

यापुढचं मला सांगता येणार नाही. आजीनं कधी सांगितलं नाही.

एकाच सालाला मराठवाड्यात किती नावं आहेत ते मोजून बघा. शाळेत ‘मुक्तिसंग्राम’, जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी ‘रझाकाराचं साल’, मुसलमान मोहल्ल्यात ‘पुलिस ॲक्शन’. माणूस एकटा आठवत नाही, आपल्या माणसांच्या चौकटीत आठवतो, असं मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली लिहून ठेवलं. त्याचा शेवट पुढं नाझींच्या छळछावणीत झाला. हदगावच्या एका गल्लीत अशा तीन चौकटी शेजारी शेजारी आहेत. ‘काय रझाकारी लावलीय?’ असं आजही कुणी सहज भांडणात म्हणतो. ते ऐकून गल्लीच्या टोकाला एक म्हातारा मान खाली घालतो, तेवढं बघा आणि पुढं चला.

मधली वर्षं झपाझप जातात. हाली गेला, फसली गेलं. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. १९७२च्या दुष्काळात सगळेच खडी फोडायला बसले. तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली. त्या वर्षी ‘कोणाचे?’ हा प्रश्न मस्टरवरच्या नावापुरता उरला होता. पोट रिकामं असलं की जात मिटते असं समजू नका, पाण्याच्या टँकरपाशी ती शाबूत होतीच.

ऑगस्ट १९७८. नांदेडहून हदगावला येणाऱ्या एसटीत खिडकीशी जागा मिळालीय. शेजारचा गृहस्थ पान पुढं करतो.

“पाहुणे, कुठले म्हणायचे?”

गाव सांगितलं. “हां. आन् आडनाव?” मराठी माणसाची ही कारागिरी बघा. जात हा शब्द न उच्चारता जात काढायची. आडनावावरून उमगलं नाही तर मूळ गाव, तेवढ्यानं भागलं नाही तर सोयरे कुठले. एरवी हे गप्पांचं तोंड असतं. पण २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केलाय, आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जळताहेत. याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना गावानं मारलंय. गावकुसाबाहेरचा तो दिवा आठवला? एसटीत मागच्या बाकावरचा एक कॉलेजचा पोरगा आपलं आडनाव सांगायच्या आधीच, दोन थांबे अलीकडे उतरून जातो. त्यालाही घरून सांगितलं असणार. मुका हो.

विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ निघालं आणि नांदेड-लातूरची कॉलेजं तिकडं गेली. म्हणजे ज्या नावासाठी या जिल्ह्यानं इतकं सोसलं, ते नाव आठ महिन्यांनी इथल्या पोरांच्या पदवीवरून निघून दुसरं आलं. स्वामींचं नाव मोठंच आहे, पण हा योगायोग मला अजून पचलेला नाही.

“हे बघा.” मास्तरांचं बोट एका ओळीवर आहे. तुम्ही परत आला आहात, पंखा फिरतोय. मास्तर उर्दू वाचतात आणि सावकाश मराठीत सांगतात: पणजोबाचं नाव, जमिनीचा आकार, पीक, आणि पुढं, “कुणबी.” त्याच पानावर चार ओळी खाली ते आणखी एक नाव वाचतात, पण ते तुम्हाला सांगत नाहीत. चष्मा काढून पुसतात. तुम्ही नक्कल मिळण्यासाठी अर्ज देता, चहावाल्याकडून मोबाईल घेता.

बाहेर शिवारात सोयाबीन पिवळं पडलंय, इसापूरच्या कालव्याखाली हळद आणि केळी आहे. गाव बदललंय. वाड्याच्या जागी स्लॅबचं घर आहे, दाराला लॅच आहे, पण आजीनं हट्टानं जुनी कडीही ठेवून घेतलीय. आता ती चौऱ्याऐंशीची आहे. घरातले तिच्या एका सवयीवर हसतात. भर दुपारी, ओळखीचा आवाज असला तरी, विचारल्याशिवाय ती दार उघडत नाही.

तुम्ही थाप मारता.

“कोण?”

तुम्ही नाव सांगता. आतून पावलं दारापर्यंत येतात आणि थांबतात. कडीवर हात ठेवल्याचा बारीक आवाज येतो. कडी लगेच निघत नाही.