गिरडचे फरीद कोणते?

"बाबा फरीद पाकपट्टणला आहेत ना? मग गिरडला कोण आहेत?"

वरोऱ्यात हा प्रश्न मला दोन तऱ्हेचे लोक विचारतात. एक म्हणजे दरसाल गिरडला जाणारे, पण मनात जरा धाकधूक असलेले. दुसरे म्हणजे दर्ग्याचं एकूण प्रकरणच नापसंत असलेले. त्यांचं गणित सोपं आहे: एका माणसाच्या दोन कबरी नसतात, म्हणून गिरडची बनावट. मला हे गणितच चुकीचं वाटतं. त्यात माणूस एकच होता हे आधीच धरून चाललेलं आहे.

बाबा फरीदुद्दीन गंजशकर यांच्याबद्दल बरंच काही पक्कं ठाऊक आहे. दिल्लीच्या ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचे ते मुरीद आणि निजामुद्दीन औलियांचे पीर. दिल्लीहून ते हांसीला गेले आणि शेवटी अजोधनला, म्हणजे आजच्या पाकपट्टणला, स्थायिक झाले. १२६५ च्या सुमारास ते तिथेच वारले. विहिरीत उलटं लटकून त्यांनी केलेला चिल्ला प्रसिद्ध आहे. 'सियरुल औलिया' या चौदाव्या शतकातल्या चरित्रग्रंथात त्याची जागा उच ही आहे. आपल्याकडचे लोक मात्र तो चिल्ला गिरडच्या टेकडीवर आणून ठेवतात.

आता गिरड. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव वरोऱ्याहून फार लांब नाही. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये तिथली परंपरा नोंदली आहे. ख्वाजा शेख फरीद हिंदुस्तानात जन्मले, तीस वर्षं फकिरी करत फिरले आणि १२४४ च्या सुमारास या टेकडीवर येऊन राहिले. त्यात ना गंजशकर, ना पाकपट्टण. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तर त्यांच्या मालाचे, नारळासकट, दगड झाले. त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून नवा माल करून दिला आणि ते दोघं कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. टेकडीवरचे गोल दगड म्हणजे तोच माल, असं सांगतात. (भूशास्त्र म्हणतं, लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत तयार झालेले हे खनिजाचे गोळे आहेत. भाविकांचं त्यावाचून काही अडत नाही.)

नावं सारखी म्हणून माणसं एक होण्याचा सगळ्यात मोठा किस्सा ख्रिस्ती संतांचा आहे. अथेन्सचा डायोनिसियस पहिल्या शतकातला, बायबलात उल्लेख असलेला. पॅरिसचा बिशप डेनिस तिसऱ्या शतकातला, शिरच्छेद झालेला. डेनिस हे डायोनिसियसचंच फ्रेंच रूप. तिसरा एक अनामिक लेखक, साधारण इ. स. ५०० च्या सुमाराचा, त्याने अथेन्सवाल्याच्या नावाने ग्रंथ लिहिले. नवव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाच्या प्रमुखाने, हिल्डुइनने, या तिघांचं एकच चरित्र लिहून टाकलं. फायदा उघड होता. ज्या मठात फ्रान्सचे राजे पुरले जात, तिथला संत थेट सेंट पॉलचा शिष्य ठरला. बाराव्या शतकात त्याच मठात राहणाऱ्या आबेलार या विद्वानाने शंका काढली. मठवाले असे खवळले की त्याला रात्री गुपचूप पळून जावं लागलं.

आपलं घर तरी कुठे वेगळं? संत नामदेव आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा यांचे अभंग वेगळे करताना मराठी अभ्यासकांची दमछाक झाली. गुरू ग्रंथसाहिबातली फरीदांची वाणी गंजशकरांची, असं शीख परंपरा मानते. मॅकॉलिफ या आयरिश अभ्यासकाने ती त्यांच्याच गादीवरच्या शेख इब्राहिमची ठरवली. या इब्राहिमना 'फरीद सानी', दुसरे फरीद, म्हणत. गंमत म्हणजे 'फरीद' या अरबी शब्दाचा अर्थच 'एकमेव'!

म्हणून माझं म्हणणं असं की गिरडचे फरीद वेगळे. १२४४ हा सन परंपरेने सांगितलेला आहे, पण तो जवळपास जरी खरा असेल तर देवगिरीवर तेव्हा यादव सिंघणाचं राज्य होतं. अल्लाउद्दीनची फौज दख्खनेत यायला अजून पन्नासेक वर्षं होती. खुलदाबादचे बुऱ्हानुद्दीन गरीब, निजामुद्दीनांचे मुरीद, तर चौदाव्या शतकात आले. म्हणजे आपल्या भागात पहिल्यांदा आलेल्यांत सैन्याशिवाय, एकटा फिरत आलेला एक फकीर असू शकतो. हिंदू आणि मुसलमान दोघंही त्याच्याकडे जात, हे गॅझेटियरही सांगतं. त्याला गंजशकर केलं की हे सगळं पुसलं जातं. उरते ती फक्त पाकपट्टणची नक्कल, मग तिला बनावट म्हणायला कोणीही मोकळा.

त्या दोन व्यापाऱ्यांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कबरीही टेकडीवर आहेत. त्या कोणाच्या, हा वाद मात्र माझ्याकडे अजून कोणी आणलेला नाही.