बेड्या, सुरुंग आणि मतपेटी : जॉर्ज फर्नांडिस आणि एक न लागलेला निकाल

१/
आणीबाणीतले एक छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. दिल्लीत न्यायालयात नेला जाणारा कैदी, मनगटात बेड्या, आणि बेडीसकट उंचावलेला हात. तो कैदी म्हणजे जॉर्ज फर्नांडिस. १९७७ मध्ये हे छायाचित्र लोकशाहीच्या लढ्याचे प्रतीक ठरले. मात्र या कैद्यावरचा आरोप सत्याग्रहाचा नव्हता, डायनामाइटचा होता.

२/
जॉर्ज यांचा जन्म ३ जून १९३० रोजी मंगळूरच्या कॅथलिक कुटुंबात झाला. घरच्यांनी त्यांना धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत धाडले. तेथे वरिष्ठांचे ताट वेगळे आणि विद्यार्थ्यांचे वेगळे. हा भेद त्यांना सहन झाला नाही. १९४९ मध्ये ते मुंबईत आले. खिसा रिकामा होता. रात्री चौपाटीच्या बाकावर काढाव्या लागल्या.

३/
गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो आणि समाजवादी पक्ष यांनी त्यांना दिशा दिली. महापालिका कामगार, बेस्टचे कर्मचारी, टॅक्सीचालक, हॉटेलांतील पोरे अशा विखुरलेल्या श्रमिकांना त्यांनी संघटित केले. त्यांच्या एका हाकेवर मुंबई थांबे, म्हणून ते ‘बंदसम्राट’ झाले. १९६१ मध्ये ते महापालिकेवर निवडून आले.

४/
१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत त्यांच्यासमोर स. का. पाटील होते. शहराचे अनभिषिक्त राजे म्हणून त्यांची ख्याती. पाटलांना हरवणे तुमच्या हाती आहे, एवढेच जॉर्ज यांच्या प्रचाराने मतदारांना पटवले. पाटील हरले. मतपेटीचे सामर्थ्य या माणसाने स्वतः अनुभवले होते, हे पुढच्या घटना वाचताना ध्यानात ठेवावे. १९७१ मध्ये मात्र ते स्वतः पराभूत झाले.

५/
८ मे १९७४ रोजी देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला. जॉर्ज तेव्हा ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. बोनस, वेतन आणि इंजिनचालकांचे अमर्याद कामाचे तास हे कळीचे मुद्दे होते. सरकारने संपापूर्वीच त्यांना अटक केली, हजारो कामगार तुरुंगात गेले, आणि २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. संघटित विरोध मोडून काढण्याची ही जणू रंगीत तालीमच होती.

६/
२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली तेव्हा जॉर्ज ओडिशातील गोपाळपूरला होते. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई तत्काळ पकडले गेले. जॉर्ज कोळ्याच्या वेषात निसटले. पुढे दाढी-पगडीतला शीख बनून ते देशभर फिरत राहिले. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. सभा, मोर्चे, संप हे त्यांचे सारे नेहमीचे मार्ग बंद झाले होते.

७/
यातून सुरुंगाची कल्पना पुढे आली. गुजरातेत तेव्हा बाबूभाई पटेल यांचे बिगरकाँग्रेस सरकार असल्याने तो प्रांत भूमिगतांना तुलनेने सुरक्षित होता. बडोद्याच्या परिसरातून दगडखाणींत वापरले जाणारे डायनामाइट मिळवण्यात आले. रेल्वेमार्ग आणि पूल निकामी करून हुकूमशाहीविरुद्ध प्रतिकार जिवंत असल्याचे दाखवायचे, मात्र कोणाचा जीव घ्यायचा नाही, असा आपला बेत होता, असे सहभागी नंतर सांगत राहिले.

८/
त्याची किंमत इतरांनीही मोजली. जॉर्ज यांचा पत्ता काढण्यासाठी पोलिसांनी त्यांचे बंधू लॉरेन्स यांचा बंगळुरात अमानुष छळ केला. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना मे १९७६ मध्ये अटक झाली. दम्याचा विकार असूनही त्यांना तुरुंगात योग्य उपचार मिळाले नाहीत. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटल्यानंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

९/
१० जून १९७६ रोजी जॉर्ज कलकत्त्यात पकडले गेले. जॉर्ज आणि इतर २४ जणांवर सरकार उलथवण्याच्या कटाचा खटला भरण्यात आला. हाच बडोदा डायनामाइट खटला.

१०/
येथे खरा वाद सुरू होतो. जयप्रकाशांचा आग्रह अहिंसेचा होता. महाराष्ट्रात दुर्गा भागवतांनी १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत, उघड निषेध नोंदवला आणि पुढे तुरुंगवास पत्करला. निर्भय शब्दाला तुरुंगात टाकता येते, पण दहशतवादी ठरवता येत नाही. डायनामाइटने मात्र सरकारच्या ‘देश धोक्यात आहे’ या दाव्याला आयता पुरावा पुरवला.

११/
दुसरी बाजूही दुबळी नव्हती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आणीबाणीत बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही नागरिक न्यायालयात दाद मागू शकत नाही. न्या. ह. रा. खन्ना यांचाच काय तो विरोध. न्यायालयाचे दारच बंद झाल्यावर नागरिकाने कोठे जावे? सहआरोपी सी. जी. के. रेड्डी यांनी या कटावर लिहिलेल्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच बंडाचा अधिकार सांगितला.

१२/
जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. जॉर्ज आरंभी त्या लढवण्याच्या विरोधात होते. हुकूमशाहीने मांडलेल्या निवडणुकीत उतरणे म्हणजे तिला मान्यता देणे, असे त्यांना वाटे. अखेर ते तुरुंगातूनच बिहारच्या मुझफ्फरपूरमधून उभे राहिले आणि मतदारसंघात पाऊल न ठेवता तीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. जनता पक्ष सत्तेवर आला आणि खटला मागे घेण्यात आला. बंडाच्या अधिकाराचा निवाडा न्यायासनासमोर झालाच नाही.

१३/
सत्तेतले जॉर्ज पाहिल्याविना हे चित्र अपुरे राहते. उद्योगमंत्री असताना परकीय भागभांडवलाच्या अटीवरून कोकाकोला आणि आयबीएम भारताबाहेर पडल्या. जुलै १९७९ मध्ये त्यांनी लोकसभेत मोरारजी सरकारचे जोरदार समर्थन केले आणि काही दिवसांतच सरकारची साथ सोडली. १९९० मध्ये ते रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्याचे श्रेय कोकण आजही त्यांना देतो.

१४/
१९९६ मध्ये त्यांच्या समता पक्षाने भाजपशी युती केली. १९७९ मध्ये जनसंघीयांच्या दुहेरी सदस्यत्वावरून जनता पक्ष फुटला होता. त्यामुळे जुने समाजवादी सहकारी व्यथित झाले. २००१ च्या तहलका प्रकरणात त्यांनी संरक्षणमंत्रिपद सोडले, पण काही महिन्यांतच ते परतले. २००२ मध्ये गुजरात दंगलीवरील चर्चेत, असे अत्याचार देशात पूर्वीही घडले आहेत, अशा अर्थाचे त्यांचे विधान अनेकांना असह्य झाले. याच काळात त्यांच्या दिल्लीतील सरकारी बंगल्यात ब्रह्मदेशातील लोकशाहीवादी निर्वासितांना आसरा होता.

१५/
२९ जानेवारी २०१९ रोजी, दीर्घ आजारानंतर, त्यांचे निधन झाले. त्यांच्या साऱ्या आयुष्याला एकच शिक्का मारण्याचा मोह टाळावा. सुरुंगांनी आणीबाणी हटली नाही; ज्या निवडणुकीवर त्यांचा विश्वास नव्हता, तिने ती हटवली. तरीही ती निवडणूक होईल, याची खात्री जून १९७६ मध्ये कोणालाच नव्हती. त्या छायाचित्राकडे पुन्हा पाहाल, तेव्हा त्याच्या शेजारी आरोपपत्र ठेवा आणि स्नेहलता रेड्डींचे नावही.