टक्कल व्हायरस आणि रेशनचा गहू

जानेवारी २०२५ आठवतोय? आपल्या शहापूर-मुरबाडच्या सगळ्या ग्रुपवर तेच व्हिडिओ फिरत होते. बुलढाणा जिल्ह्यातला शेगाव तालुका. बोंडगाव, कालवड, हिंगणा. आधी डोक्याला खाज, मग केस हातात, दोन-चार दिवसांत टक्कल. मोबाईलवर नाव पडलं, ‘टक्कल व्हायरस’. प्रयोगशाळेत नमुना पोचायच्या आधी आजाराचं बारसं झालं होतं!

व्हायरस म्हटलं की लागण आलीच. आजूबाजूचे लोक त्या गावांपासून लांब राहू लागले, मुलंमुली शाळा-कॉलेजला जायला लाजू लागली, जमलेली लग्नं मोडल्याच्या बातम्या आल्या. संशय आधी शाम्पूवर, मग पाण्यावर. तो भाग खारपाणपट्ट्याचा, पाण्यात नायट्रेटही जास्त निघालं, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. आयसीएमआरची पथकं आली.

आणि फेब्रुवारीत महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर बोलले. हो, विंचूदंशावर इलाज शोधणारे तेच. त्यांनी पाण्याऐवजी ताट तपासलं. त्यांच्या म्हणण्यानुसार रेशनवर आलेल्या पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या ६०० पट होतं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांतही ते वाढलेलं. १८ गावांत २७९ माणसं बाधित होती.

हे जगात पहिल्यांदा घडलं असंही नाही. चीनच्या हुपेई प्रांतात एन्शी भागात १९६१ ते १९६४ मध्ये गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली होती. भात बुडाला, लोक मका-भाजीवर आले, आणि त्या जमिनीत दगडी कोळशातून सेलेनियम उतरलेलं. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातली सेलेनियमची जमीनही लुधियानाच्या कृषी विद्यापीठाला कित्येक वर्षं माहीत आहे. म्हणजे माहिती होती. शेगावच्या माणसाच्या मोबाईलवर मात्र आली ती कांद्याच्या रसाची आणि व्हायरसची.

त्या लोकांना हसायचं कारण नाही. आपल्याकडेही केस गळायला लागले की आधी यूट्यूबच उघडतो. त्वचेचा डॉक्टर गाठायचा तर पाड्यावरून कल्याणपर्यंत जायचं, दिवसाचा रोज बुडवून. आपण भात पिकवणारे, पण रेशनचा गहू आपल्याही घरात शिजतो. तो कुठून आला, तपासला का, हे तुमच्या दुकानदाराला कधी विचारलंय का? मी तरी तोवर विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्याच गावांत लोकांची नखं गळू लागली. तो व्हिडिओ माझ्या एकाही ग्रुपवर आला नाही.