सव्वा तोळ्याची गोळी

१९०४ साली अमेरिकेच्या लष्कराने केलेल्या एका चाचणीचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. मृतदेह टांगून ठेवायचे, त्यांवर निरनिराळ्या वजनाच्या पिस्तुलाच्या गोळ्या झाडायच्या आणि देह किती हेलकावतो ते पाहायचे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. हा लंबकच झाला!

बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली अशाच लंबकाने गोळीचा वेग मोजला होता. लाकूड लावलेल्या जड लोलकात गोळी रुतते आणि लोलक मागे झुलतो. रुतताना गतिज ऊर्जेचा बहुतेक भाग लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जातो. टिकतो तो संवेग. म्हणून झोक्यावरून कळतो तो संवेग, आणि त्याला गोळीच्या वस्तुमानाने भागले की वेग. (हे रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले.)

लष्कराला ही चाचणी का हवी होती? फिलिपाइन्समधल्या लढायांत ०.३८ इंच व्यासाच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही माणूस चालून येतो, अशा तक्रारी आल्या होत्या. ती गोळी सुमारे १५० ग्रेनची. ग्रेन हे माप आपल्याला परके नाही. ब्रिटिश अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. थॉम्प्सन हे लष्करी अधिकारी आणि ला गार्ड हे लष्करी डॉक्टर यांनी मृतदेहांखेरीज शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवरही प्रयोग केले. जनावरे थोडी, गोळ्या लागण्याच्या जागा वेगवेगळ्या. आपल्या विद्यार्थ्याने असा प्रयोग वहीत लिहिला असता तर आपण तो परतच केला असता. निष्कर्ष मात्र ठाम निघाला: व्यास ०.४५ इंचापेक्षा कमी नको.

जॉन ब्राउनिंग यांनी त्या व्यासाच्या पिस्तुलासाठी आधी २०० ग्रेनची, सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाची गोळी योजली होती. लष्कराला ती आणखी जड हवी होती. शेवटी २३० ग्रेन, म्हणजे सव्वा तोळ्याहून किंचित जास्त, वजन ठरले आणि वेग २६० मीटरच्या आसपास उतरला. १९११ साली हे पिस्तूल लष्कराने स्वीकारले.

फळ्यावर आकडे मांडून पाहा. २३० ग्रेन म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. संवेग ०.०१५ × २६०, म्हणजे ३.९ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ६५ किलोच्या देहाला हा सगळा मिळाला तरी त्याचा वेग सेकंदाला ६ सेंटिमीटर! एवढ्याने कोणी उलथून पडत नाही. पडत असता तर झाडणाराही पडला असता, कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार त्याच्या हाताला निदान तेवढाच धक्का बसतो. गोळी शरीरात किती खोल आणि कोणत्या अवयवापर्यंत जाते, यावर सारे अवलंबून. टांगलेल्या देहाच्या हेलकाव्यात त्याची नोंदच होत नाही.

१९८५ साली त्याच लष्कराने ९ मिलिमीटरचे पिस्तूल निवडले. त्याची गोळी जेमतेम ८ ग्रॅमची, पण पुष्कळ वेगवान. तिचा संवेग कमी आणि गतिज ऊर्जा थोडी अधिक. २०१७ साली पिस्तूल पुन्हा बदलले, व्यास मात्र ९ मिलिमीटरच राहिला.